मातीचा गोळा कोण आणि कुंभार कोण? घरच्या घरी मातीकामाचा पाठ



शिक्षक दिनाच्या भाषणांत एक वाक्य हमखास येतं. मूल म्हणजे मातीचा गोळा, शिक्षक म्हणजे कुंभार. द्यावा तसा आकार. ऐकायला छान वाटतं, टाळ्याही पडतात. पण ज्याने खरोखर माती हातात घेऊन एक साधी वाटी केली आहे, त्याला हे वाक्य इतक्या सहज म्हणता येत नाही. कारण माती ‘द्यावा तसा’ आकार घेतच नाही. घाई केली की ती तडकते, पाणी जास्त झालं की बसते, एकाच जागी फार चिवडलं की भेगाळते. कुंभार तिला नुसता आकार देत नाही, तिचं ऐकतही असतो.

म्हणून या पाठात आपण भूमिका बदलणार आहोत. कुंभार मूलच. माती ही मातीच. आणि आपण? आपण बादली भरून देणारे, वाळत घातलेल्या भांड्यांवर लक्ष ठेवणारे आणि मुख्य म्हणजे आपले हात मागे बांधून उभे राहणारे मदतनीस.

साधारण तिसरीपासून पुढच्या मुलांना हा पाठ पूर्ण जमतो. त्याहून लहान मुलांना फक्त मळणं आणि पहिली वाटी एवढंच द्या. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला किंवा सुट्टीत घरी, दोन्हीकडे चालेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्यात सुतार, माळी यांच्याबरोबर कुंभाराचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्या दिवसांची पूर्वतयारी म्हणूनही हा पाठ उपयोगी पडेल.

एक कोपरा पुरतो

मातीकाम म्हटलं की डोळ्यांपुढे फिरतं चाक येतं, आणि ‘आपल्याकडे चाक नाही, भट्टी नाही’ म्हणून विषय संपतो. सुरुवातीला चाक नसलेलंच बरं. फिरत्या चाकावर गोळा मधोमध स्थिर करायलाच शिकाऊ माणसाला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर मुलाच्या हाती चिखलाशिवाय काही लागत नाही. हाताने घडवताना मात्र पहिल्याच दिवशी भांड्याची भिंत बोटांत येते. ती जाड आहे की पातळ, ओली आहे की सुकते आहे, हे बोटांना कळायला लागतं. चाकावर बसण्याआधी ही ओळख व्हायलाच हवी.

बाल्कनी, पडवी, अंगण किंवा जेवणाचं जुनं टेबल, कुठेही कोपरा करा. साहित्य असं:

- दर मुलामागे साधारण एक किलो मळलेली माती
- लाकडी पाट किंवा प्लायचा तुकडा, त्यावर जुन्या चादरीचं कापड (म्हणजे माती चिकटत नाही)
- दोन बादल्या, एक स्पंज, एक जुना टूथब्रश
- माती कापायला नायलॉनचा दोरा, दोन्ही टोकांना मोठं बटण बांधलेला
- लाटणं, काटा-चमचा, नारळाची करवंटी
- प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं

दोन नियम पहिल्या दिवशीच सांगा आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळा.

पहिला नियम: मातीचं पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचं नाही. माती पाइपात बसते आणि नळ तुंबतो. हात एका बादलीत धुवायचे, ती रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी वरचं निवळ पाणी झाडांना घालायचं आणि तळाचा गाळ पुन्हा मातीत मिसळायचा.

दुसरा नियम: वाळलेली माती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुफ्फुसांना अपाय होतो. एका दिवसाने काही होत नाही, पण सवय पहिल्या दिवसापासूनच लागते. याच कारणासाठी सुकलेलं भांडं घरात सँडपेपरने घासू नका. ओल्या स्पंजाने गुळगुळीत करा.

माती कुठून आणायची?

शक्य असेल तर कुंभाराकडूनच मळलेली माती विकत घ्या. फुकट मागू नका. ती माती म्हणजे नुसती जमिनीतून उचललेली वस्तू नसते. ती आणायची, वाळवायची, फोडायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची, त्यात गरजेप्रमाणे राख, भुसा किंवा घोड्याची लीद मिसळायची, अशी बरीच मेहनत त्यात गेलेली असते. ‘नुसती माती तर आहे’ हे वाक्य मुलांसमोर तरी बोलू नये.

मुलं विचारतील, ‘आपल्या शेतातली काळी माती का नको?’ छान प्रश्न आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला किती मोठ्या भेगा पडतात ते त्यांनाच आठवायला सांगा. काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकताना तेवढंच आकसतं. शेताला पडते तशीच भेग भांड्यालाही पडते. म्हणून काळी माती एकटी वापरत नाहीत, तिच्यात दुसरी माती किंवा रेती मिसळावी लागते.

शाडूचं काय? गणपतीसाठी ती उत्तम. पण ती न भाजता वापरायची म्हणून घेतलेली असते. भट्टीत ती कशी वागेल याची खात्री नसल्यामुळे भाजायच्या भांड्यांसाठी कुंभाराचीच माती घ्या. आणि रंगीत पाकिटांत ‘पॉलिमर क्ले’ म्हणून जे मिळतं ते तर मातीच नव्हे, एक प्रकारचं प्लॅस्टिक असतं. व्हिडिओंमध्ये घरच्या ओव्हनमध्ये वस्तू ‘भाजलेल्या’ दिसतात, त्या बहुतेक याच्या असतात. मुलांची इथे फार गल्लत होते, म्हणून आधीच सांगून टाका.

मळणं: कणीक आणि माती

मातीचं मळणं कणकेसारखंच दिसतं. तळहाताने पुढे दाबायचं, गोळा फिरवायचा, पुन्हा दाबायचं. निदान शंभर वेळा मोजून. मुलांना मोजायला आवडतं. मळल्याने ओलावा सगळीकडे सारखा होतो, गुठळ्या फुटतात, आतली हवा निघते. मग गोळा दोऱ्याने मधोमध कापा. कापलेली बाजू पनीरसारखी एकसंध दिसली तर माती तयार. भोकं किंवा रेषा दिसल्या तर अजून मळा.

माती लवचिक का असते, हे समजवायला एक सोपा प्रयोग आहे. दोन सपाट काचेच्या पट्ट्या (कडा टेपने झाकलेल्या) घ्या आणि मध्ये दोन थेंब पाणी टाका. त्या एकमेकींवर सहज घसरतात, पण ओढून वेगळ्या करायला जोर लागतो. मातीचे कण असेच चपटे, पापुद्र्यासारखे आणि अतिशय बारीक असतात. त्यांच्यामध्ये पाणी असतं म्हणून ते घसरतात, आणि पाण्यामुळेच एकमेकांना धरूनही ठेवतात. आकार घेणं आणि आकार टिकवणं, दोन्ही कामं तेच पाणी करतं.

मातीची परीक्षा घ्यायची असेल तर करंगळीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. भेगा न पडता वळली तर माती कामाला योग्य आहे.

तीन पद्धती, तिन्ही आपल्या स्वयंपाकघरातल्या

हाताने भांडं घडवण्याच्या तीन मूळ पद्धती आहेत. गंमत म्हणजे त्या तिन्ही आजीला आधीच येतात.

१. मोदकाची पारी. लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्या. अंगठा मधोमध खुपसा, पण तळाशी बोटभर माती राहू द्या. मग अंगठा आत, बोटं बाहेर, आणि हळूहळू फिरवत चिमटीने भिंत उंच आणि पातळ करत जा. उकडीच्या मोदकाची पारी करताना हात जे करतात तेच. उकडीचा मोदक कडेला फाटतो तेव्हा आजी काय करते? बोट ओलं करून तडा मिटवते. इथेही तेच, फक्त बोट ‘ओलं’ करायचं, ‘भिजवायचं’ नाही. पाणी फार लावलं की भिंत बसते. भिंतीची जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर ठेवा. पणती, वाटी, बोळकं यासाठी ही पद्धत.

२. कडबोळं. मातीच्या लांब वळ्या करा आणि एका गोल तळावर एकावर एक रचत जा. प्रत्येक वळी खालच्या वळीला आतून बोटाने घासून जोडायची. नुसती ठेवली तर वाळताना सुटते. वळी थोडी बाहेर ठेवली तर भांड्याला पोट येतं, थोडी आत ठेवली तर गळा. उंच भांडं करायचं असेल तर एका बैठकीत करू नका. चार-पाच वळ्या झाल्या की खालचा भाग थोडा घट्ट होऊ द्या, मग पुढच्या.

३. पोळी. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून मध्ये माती लाटा, म्हणजे जाडी एकसारखी येते. मग चौकोन कापून डबी, पट्टी गुंडाळून कप किंवा करवंटीवर पसरून बशी करता येते. या पद्धतीत जोड महत्त्वाचा. दोन्ही कडांवर काट्याने ओरखडे काढायचे, त्यावर पातळ कालवलेली माती लावायची आणि दाबायचं. ओरखडे, काला, दाब. हे तीन शब्द फळ्यावर लिहून ठेवा. कपाचा कान सुटला की बहुतेक वेळा यातलं एक राहिलेलं असतं.

कान लावताना आणखी एक गोष्ट पाहा. कप आणि कान सारखेच ओले हवेत. सुकत आलेल्या कपाला ओला कान लावला तर कान नंतर आकसतो, कप आकसत नाही, आणि तडा बरोबर जोडावर जातो.

पहिली वाटी कापायची

हा या पाठातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो मुलांपेक्षा पालकांना अवघड जातो.

प्रत्येक मुलाने पहिल्या दिवशी तीन वाट्या करायच्या. त्यातली सगळ्यात चांगली वाटी निवडायची आणि दोऱ्याने मधोमध कापायची.

का? कारण वाटीचं खरं रूप बाहेरून दिसत नाही. कापल्यावर दिसतं: तळ बोटभर जाड राहिलाय, एका बाजूची भिंत कागदासारखी झालीये, कड मात्र जाडजूड. हे शंभर वेळा सांगून कळत नाही, एकदा कापून कळतं. दुसऱ्या वाटीला मूल आपोआप तळ चाचपून पाहायला लागतं. आणि कापलेल्या वाटीचं नुकसान काय झालं? काहीच नाही. ती पुन्हा गोळा होते, दहा मिनिटांत पुन्हा वाटी.

‘पण पहिल्या दिवशी घरी काहीतरी न्यायला हवं ना’ असं काही पालक म्हणतील. फोटो काढायचा असतो, आजी-आजोबांना पाठवायचा असतो. भावना समजण्यासारखी आहे. पण याच भावनेपोटी अनेक शिबिरांत ताई-दादाच वाटी ‘नीट’ करून देतात, मूल वर रंग लावतं आणि शिकणं तिथेच थांबतं. फोटो काढायचाच असेल तर कापलेल्या वाटीचा काढा. तिच्या कापलेल्या भिंतीत त्या मुलाच्या पहिल्या दिवसाचा सगळा हिशोब असतो.

आपण कोणाला ‘कच्चं मडकं’ म्हणतो ते हिणवायला. मातीकामात मात्र कच्चं असणं ही सगळ्यात श्रीमंत अवस्था आहे. कच्चं आहे तोवरच सगळं बदलता येतं.

वाळवणं: सर्वांत लांब तास

भांडं घडवायला अर्धा तास लागतो, वाळायला आठवडा. कोकणात पावसाळ्यात दोन आठवडेही लागतात. उलट विदर्भातल्या एप्रिलमध्ये दोन दिवसांत वाळतं, आणि तेच धोक्याचं. लवकर वाळणं म्हणजे चांगलं वाळणं नव्हे.

भांड्याची कड आधी सुकते आणि आकसते. तळ ओलाच असतो, तो अजून आकसलेला नसतो. एकाच भांड्याचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने लहान होऊ लागले की ओढाताण होते आणि तडा जातो. म्हणून भांडं उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखालीही नाही. सावलीत वर्तमानपत्रावर ठेवायचं, म्हणजे आकसताना तळाला सरकता येतं. कडेवर प्लॅस्टिकची पिशवी सैल टाकायची. भांडं उचलण्याइतकं घट्ट झालं की पालथं घालायचं. रोज एकदा पाहायचं आणि वहीत एक ओळ लिहायची.

पूर्ण वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? भांड्याचा तळ गालाला लावा. गार लागला तर आत अजून ओलावा आहे. पाण्याचं बाष्पीभवन चालू आहे म्हणून तो गार लागतो. माठातलं पाणी गार का होतं, त्याचंच हे धाकटं भावंड. विज्ञानाच्या पुस्तकातलं बाष्पीभवन मूल इथे गालाने शिकतं.

इथेच गणिताचाही एक तास निघतो. माती लाटून एक पट्टी करा, ओली असताना तिच्यावर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ ओढा. पट्टी वाळली की रेघ मोजा. समजा ९.४ भरली, तर ६ टक्के आकसली. भाजल्यावर पुन्हा मोजा. समजा ९ भरली, तर एकूण १० टक्के. प्रत्येक माती वेगळी, म्हणून आपल्या मातीचा आकडा आपणच काढायचा.

मग प्रश्न विचारा: ‘आपली माती १० टक्के आकसते. भाजून झाल्यावर ९ सेंटिमीटर उंच पेला हवा असेल तर ओला पेला किती उंच करायचा?’ बहुतेक मुलं ९ मध्ये त्याचे १० टक्के मिळवून ९.९ सांगतील. करून पाहायला लावा. ९.९ मधून १० टक्के गेले तर उरतात ८.९१. बरोबर उत्तर १०, कारण ९ भागिले ०.९. मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न: उंची, लांबी, रुंदी तिन्ही १० टक्क्यांनी कमी झाल्या तर पेल्यात मावणारं पाणी किती कमी होईल? ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे ०.७२९. सुमारे २७ टक्के कमी! शेकडेवारीचा याहून चांगला शाब्दिक प्रश्न मला तरी पुस्तकात दिसत नाही.

तीन पेल्यांचा प्रयोग

भाजण्याआधी हा प्रयोग कराच. काचेच्या तीन पेल्यांत पाणी घ्या. पहिल्यात मळलेल्या ओल्या मातीची गोळी टाका, दुसऱ्यात तेवढीच पण खडखडीत वाळलेली गोळी, तिसऱ्यात फुटलेल्या माठाचं खापर. आधी अंदाज लिहून घ्या: सगळ्यात आधी कोण विरघळेल?

बहुतेक जण ओली गोळी म्हणतात. होतं उलटं. वाळलेली गोळी पाण्यात पडताच बुडबुडे सोडते आणि थोड्याच वेळात ढासळून तळाशी चिखल होतो. ओली गोळी बराच वेळ तशीच राहते. वाळलेल्या मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी झपाट्याने शिरतं, हवा बाहेर ढकललं जाते आणि कण सुटे होतात. म्हणूनच फसलेली भांडी पुन्हा माती करायची असतील तर ती आधी पूर्ण वाळवून मग भिजवतात. अर्धवट ओली टाकली तर गुठळ्या राहतात.

आणि खापर? त्यातूनही थोडे बुडबुडे येतील, पण ते ढासळणार नाही. उद्या नाही, वर्षाने नाही.

भाजणं: जिथून परत फिरता येत नाही

ओव्हनमध्ये भाजता येईल का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. नाही. घरचा ओव्हन साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. त्यात माती फक्त वाळते. माती बदलायला सुरुवात होते ती साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान. तेव्हा मातीच्या खनिजाच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर तिला कितीही भिजवा, ती पुन्हा चिखल होत नाही. कुंभाराच्या उघड्या आव्यात तापमान साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत जातं. गॅसच्या शेगडीवर भांडं ठेवून भाजण्याचा प्रयोग तर मुळीच करू नका. एकाच बाजूने आच लागते, भांडं फुटतं आणि तुकडे उडतात.

म्हणून भाजायला कुंभाराकडे जायचं. पुण्यात कुंभारवेस आहे, मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे (तिथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली), आणि गावोगावी एखादा कुंभारवाडा अजून असतोच. आधी जाऊन भेटा, त्यांचा आवा कधी लागणार ते विचारा, पैसे ठरवा. मुलांना ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणून विचारायला शिकवा. शाळेत जसं सरांना विचारतो, तसंच.

आणि इथे एक गोष्ट मुलांना नीट सांगितलीच पाहिजे. वाळलेल्या भांड्यात आत ओलावा राहिला असेल तर १०० अंशांच्या आसपास त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला १,६०० पटींहून जास्त जागा लागते. जाड मातीतून ती बाहेर पडू शकत नाही आणि भांडं फुटतं. आत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटतं असं सर्रास म्हणतात, पण खरा कारभारी हा ओलावाच. एक भांडं फुटलं की त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांवर जातात. आव्यात आपल्या मुलाच्या बैलाशेजारी एखाद्या घराची दिवाळीची कमाई, शेकडो पणत्या, रचलेल्या असू शकतात. आपल्या घाईची किंमत दुसऱ्याने का मोजायची?

म्हणून नियम साधा ठेवा. जाडी बोटापेक्षा जास्त नको. बैल, हत्ती भरीव असतील तर खालून कोरून पोकळ करायचे, भोक ठेवायचं. गालाची परीक्षा पास झाल्याशिवाय वस्तू कुंभाराकडे न्यायची नाही. ज्या मुलाची वस्तू ओली असेल त्याने पुढच्या आव्यापर्यंत थांबायचं. सगळ्यांबरोबर न जाता मागे थांबणं मुलांना जड जातं, पण कारण पटलं की ती थांबतात. दुसऱ्याच्या कष्टांचा विचार करून थांबणं हे मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगून येत नाही.

आणखी एक: सगळंच भाजू नका. दहा वस्तूंतल्या दोन-तीनच भाजायला न्यायच्या आणि त्या मुलाने स्वतः निवडायच्या. कच्ची वस्तू पुन्हा माती होते, भाजलेली होत नाही. जोर्वे हे अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळचं प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी तांबडी, वर काळी नक्षी असलेली भांडी प्रकाशात आली. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावलाही अशी भांडी मिळाली. इ.स.पू. १४०० च्या सुमाराची ती खापरं आजही टिकून आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू पाहता येतात. मुलांना विचारा: ‘तीन हजार वर्षं राहील असं काय ठेवायचं आहे तुला?’ मग निवड विचारपूर्वक होते.

ठोकून पाहणं

बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा किंवा कच्चेपणा. जोर्वेची खापरंही वाजवली तर धातूसारखा नाद येतो, इतकी ती चांगली भाजलेली आहेत. आव्यातून आलेली भांडी मुलांना डोळे मिटून टिचकीने ओळखायला सांगा. कानाचा इतका चांगला खेळ दुसरा नाही.

इथे तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांगता येते. संत मंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, गोरोबांनी त्याच थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं आणि नामदेव रुसले म्हणून त्यांना कच्चं ठरवलं, अशी ती परंपरेतली कथा. आपण ती सांगतो आणि ‘कच्चं’ या शब्दापाशी थांबतो. पुढचा भाग सांगायला विसरू नका: त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. कच्चं ठरल्यामुळे त्यांचं शिकणं संपलं नाही, तिथूनच पुढचं सुरू झालं.

मोठ्यांनी काय करायचं आणि काय नाही

- मुलाच्या भांड्याला हात लावायचा नाही. दाखवायचं असेल तर आपला वेगळा गोळा घेऊन दाखवा.
- ‘छान छान’ म्हणण्याऐवजी विचारा: कड कुठे पातळ लागतेय? तळ किती जाड असेल? हे वाळताना आधी काय सुकेल?
- तडा गेला तर लगेच समजूत घालायला जाऊ नका. तडा कुठे गेला ते पाहायला लावा. कडेला असेल तर बहुधा लवकर वाळलं. जोडावर असेल तर ओरखडे, काला, दाब यातलं काही राहिलं किंवा दोन भाग सारखे ओले नव्हते. तळाला असेल तर तळ जाड राहिला किंवा सरकायला जागा मिळाली नाही.
- फुटक्या भांड्यांसाठी एक फळी ठेवा. प्रत्येकाखाली चिठ्ठी: तारीख, जाडी, वाळायचे दिवस, कारणाचा अंदाज.
- भाजलेल्या वस्तूंवर ऑइल किंवा ॲक्रिलिक रंग लावला तर त्या शोभेलाच. खाण्यापिण्याला नकोत. कुठलं तरी अनोळखी ग्लेझ आणून लावू नका, काहींत शिसं असू शकतं.

मूल्यमापन करायचं तर वस्तूच्या सुंदरपणाचं करू नका, वहीचं करा. तिसऱ्या भांड्याबद्दल मूल पहिल्यापेक्षा नेमकं लिहितंय का, एवढं पाहिलं तरी पुरे.

वर्षाचं वेळापत्रक तयारच आहे

वेगळा अभ्यासक्रम आखायची गरजच नाही, तो आपल्या सणांनी आखून ठेवला आहे. बेंदूर किंवा पोळ्याला मातीचे बैल (न भाजता, म्हणजे जाडीची चिंता नाही). गणपतीला शाडूची छोटी मूर्ती. नवरात्रात घट पाहायचा: घटाखालच्या मातीत धान्य का उगवतं, घटातून पाणी कसं झिरपतं? दिवाळीला किल्ला आणि स्वतः केलेल्या, कुंभाराकडून भाजून आणलेल्या पणत्या. नव्या पणत्या आजी आदल्या रात्री पाण्यात का भिजत घालते ते मुलांनाच शोधू द्या. उत्तर बारीक छिद्रांत आहे: ती आधी पाण्याने भरली की पणती तेल कमी पिते. संक्रांतीला सुगडं, आणि उन्हाळ्यात माठ.

सुरुवात करायला या रविवारी दोन किलो माती पुरेल. एक किलो मुलाला, एक किलो तुम्हाला. तुम्हीही तीन वाट्या करा आणि तुमची सगळ्यात चांगली वाटी मुलाच्या हातून कापून घ्या. तुमचा तळ किती जाड निघाला, ते त्यालाच मोजू द्या.